रिकाम्या मशीनचा फेस

एकदा एका बाईंच्या वॉशिंग मशीनला वास येऊ लागला.

दृष्टांताचा आरंभ असा करू नये, हे मी जाणून आहे. दृष्टांतात एखादा वटवृक्ष हवा, त्याखाली पांढऱ्या दाढीचा सत्पुरुष हवा, शिष्याच्या हाती कमंडलू किंवा निदान रिकामा घडा तरी हवा. पण माझ्या परिचयातल्या कुणाच्याही घरी कमंडलू नाही आणि जवळजवळ प्रत्येकाच्या घरी मशीन आहे. घडा घेऊन नदीवर निघालेला शिष्य मी आयुष्यात पाहिलेला नाही. मशीनसमोर उकिडवे बसून आत नाक खुपसणारे सुशिक्षित गृहस्थ मात्र पुष्कळ पाहिले आहेत. माणसाचे जिथे अडते तिथेच ज्ञान शोधावे, एवढा एक नियम मी पाळतो. तेव्हा ज्यांना वटवृक्षाची अपेक्षा होती त्यांनी थोडे सोसून घ्यावे.

तर या बाईंचे नाव वैजयंती. वय पन्नाशीच्या अलीकडचे, नोकरी गावच्या ग्रंथालयात, राहणे नव्या वसाहतीतल्या एका फ्लॅटमध्ये. स्वभाव टापटिपीचा. टापटीप हा सद्गुण आहे, याविषयी वाद नाही. पण काही माणसांच्या हाती हा सद्गुण पडला की घरातल्या प्रत्येक वस्तूला कव्हर चढते. वैजयंतीबाईंच्या घरी टीव्हीला कव्हर होते, मिक्सरला होते, फ्रीजच्या मुठीला होते आणि रिमोट तर प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून. वॉशिंग मशीनचे कव्हर त्यांनी स्वतः शिवलेले होते, खाली झालरीसकट. शेवटचा कपडा बाहेर निघाला की त्या मशीनचे गोल दार घट्ट लावत, काच पुसत, आणि आत पाणी निथळत असतानाच कव्हर चढवून झिप ओढत. आपल्याकडे यालाच वस्तू जपणे म्हणतात.

वास आधी टॉवेलांना आला. कुबट, ओल्या पोत्यासारखा. वैजयंतीबाईंनी साबणाची पावडर वाढवली. वास राहिलाच, म्हणून पावडरीच्या जोडीला द्रव साबण आला. मग कपडे मऊ करणारे आणि सुगंध देणारे एक गुलाबी औषध आले. आता कपड्यांना गुलाबाचा वास येई आणि गुलाबाच्या खालून पोत्याचा. त्यांनी गुलाब बदलून मोगरा आणला. स्वच्छ होत नाही म्हणजे साबण कमी पडतो, असे त्यांचे गणित होते. हसू नका, तुमचे आणि माझेही गणित हेच आहे.

आता, कपड्यांना वास येतो म्हणून कोणी गुरूकडे धाव घेत नाही. फार तर मेकॅनिकला फोन करतात. वैजयंतीबाईंचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण शनिवारी सकाळच्या गाडीने येणार होते.

ते कारण म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, ऋजुता. वर्षभरापूर्वी ती पुण्यात आर्किटेक्चरच्या शेवटच्या परीक्षेला बसली होती, आणि त्याच दिवसांत इकडे तिच्या वडिलांचे दुखणे वाढले. डॉक्टरांनी, आता घरी न्या, असे सांगितले. त्या सांगण्याचा अर्थ मोठ्या माणसांना कळतो. काका, मामा, शेजारी सगळे जमले आणि अशा वेळी आपल्या घरांतून जे ठरते तेच ठरले. पोरीचे पेपर चालू आहेत, तिला आत्ता काही कळवू नका, वर्ष वाया जाईल. कुणाच्या मनात वाईट नव्हते. शेवटच्या पेपराच्या दिवशी सकाळी वडील गेले. तो पेपरही तिला लिहू दिला आणि दुपारी फोन केला. संध्याकाळी ती पोहोचली ती अंत्यविधीपुरती.

तेव्हापासून ऋजुता घरी येई, पण राहत नसे. काही बोलू पाही, मध्येच थांबे आणि परतीची गाडी बघू लागे. गेल्या दिवाळीत न्हाऊन आल्यावर तिने टॉवेल तोंडाला लावला आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मग टॉवेल दांडीवर टाकला, आपले मळके कपडे तसेच पिशवीत भरले आणि पाडव्याच्या सकाळीच निघून गेली. वैजयंतीबाईंनी मनाशी पक्के केले की पोरगी वासामुळे गेली. खरे कारण सोसत नाही तेव्हा माणूस हाताशी येईल ते कारण धरून बसतो.

आणि आता तिचा मेसेज आला होता: “शनिवारी येते. बंगळूरला नोकरी लागली. माझं सगळं सामान न्यायचंय.” त्यातला ‘सगळं’ हा शब्द वैजयंतीबाई दिवसभर पुन्हा पुन्हा वाचत होत्या. शुक्रवारी सकाळी त्यांनी मुलीच्या पलंगाची चादर काढली, उशीचे अभ्रे काढले, धुतले, हुंगले आणि ते तसेच बादलीत टाकून अक्कांचे घर गाठले.

अक्का म्हणजे त्यांच्या शाळेतल्या रसायनशास्त्राच्या बाई. हयातभर शिकवून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर का कोण जाणे, जुने विद्यार्थी त्यांच्याकडे संसारातले प्रश्न घेऊन येऊ लागले. अक्कांच्या घरी उत्तर मिळतेच असे नाही, पण काम हमखास मिळते, अशी त्यांची ख्याती होती. गोड बोलण्याची सवय त्यांना कधीच नव्हती. विद्यार्थी तरीही येत राहिले, यावरून काय ते समजावे.

“अक्का, उद्या ऋजू येतेय,” वैजयंतीबाई दारातूनच म्हणाल्या.

“मग चांगलंच आहे की.”

“चांगलं कसलं! सामान न्यायला येतेय. कायमची चाललीय. आणि माझ्या घरात चादरींना वास मारतोय. सगळे उपाय करून झाले. तुम्ही रसायनशास्त्र शिकवलंत ना आम्हाला, मग सांगा, कुठलं लिक्विड घालू?”

“सध्या किती घालतेस?”

“पूर्वीच्या तिप्पट तरी असेल.”

अक्का चपला शोधू लागल्या.

वैजयंतीबाईंच्या घरी येताच अक्कांनी मशीनच्या कव्हरची झिप उघडली, दार उघडले आणि मान मागे घेतली. डोळ्यांतून पाणी आले, इतका वास कोंडला होता. त्यांनी पदराने डोळे टिपले, मशीनची कळ सर्वांत कढत पाण्यावर फिरवली आणि दार लावले. वैजयंतीबाई सवयीने पावडरीचा डबा उघडून पुढे झाल्या. अक्कांनी त्यांचा हात बाजूला केला.

“काही घालायचं नाही.”

“चादरी तरी?”

“चादरी नाहीत, साबणही नाही. रिकामं चालवायचं.”

“अहो अक्का, उद्या सकाळी पोरगी दारात उभी राहील. तिच्या पलंगावर घालायला धड चादर नाही, आणि आपण काय रिकामं मशीन फिरवत बसायचं?”

“बसायचं. दोन स्टुलं आण.”

वैजयंतीबाईंनी स्टुले आणली, पण बसवेना. त्या उठल्या, गॅसवर काही आहे का पाहून आल्या. पुन्हा बसल्या. पुन्हा उठून खिडकीतून रस्ता पाहिला, जणू शनिवार आजच उजाडणार होता. मोबाइल उघडून बंद केला. मशीन नुसतेच घुरघुरत होते आणि त्याच्या पोटात काही नव्हते, या गोष्टीनेच त्यांना चीड येत होती. वाया जाणारी वीज, वाया जाणारे पाणी, वाया जाणारी सकाळ. अक्का मात्र हात मांडीवर ठेवून काचेकडे पाहत होत्या.

थोड्या वेळाने काचेआड पांढरे काही दिसू लागले. आधी कडेने एक रेघ, मग बोटभर जाडीचा थर, आणि बघता बघता अर्धी काच फेसाने भरून गेली.

“अक्का!” वैजयंतीबाई ताडकन उठल्या. “मी साबण घातलेला नाही हं. तुमच्यासमोरच तर लावलं मशीन.”

“मी कुठे म्हटलं घातलास म्हणून?”

“मग हा फेस आला कुठून?”

“तुझाच आहे. जुना.”

पहिली फेरी संपली तेव्हा मोरीत जे पाणी गेले त्याचा रंग भाताच्या पेजेसारखा होता आणि वास सांगण्यासारखा नव्हता. अक्कांनी दाराभोवतीच्या रबराची घडी उलटायला सांगितली. तिथे बोट लागताच बुळबुळीत काळा थर निघाला, केसांचा गुंता निघाला, विरघळायची राहिलेली पावडर दगड होऊन निघाली. साबण घालायचा कप्पा ओढून काढला तर तो तळाला गुलाबी चिखलाने भरलेला. खालच्या जाळीतले पाणी काढून घ्यायला अक्कांनी परात मागितली. “पुरणाची परात देऊ याला?” असे वैजयंतीबाई ओरडल्या आणि गच्चीवरून कुंड्यांखालचे पसरट ताट घेऊन आल्या. अक्का शेजारी उभ्या राहून सांगत होत्या आणि हात वैजयंतीबाईंचे चालत होते. जुना टूथब्रश, व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके, पुन्हा ब्रश. नाकाला रुमाल बांधून त्या घासत राहिल्या.

मग अक्कांनी चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून मशीन पुन्हा रिकामे लावले. पुन्हा फेस आला, थोडा कमी.

“अजून?” वैजयंतीबाईंचा आवाज चढला. “किती आहे तरी आत? अक्का, मी लाडू वळायला घेऊ का तोवर? तिला डिंकाचे लाडू आवडतात.”

“बस खाली.”

“नुसतं बसवत नाही हो मला.”

“ते दिसतंय. बस.”

वैजयंतीबाई बसल्या. हाताला काम नव्हते, समोर फेस फिरत होता आणि शेजारची बाई काही विचारत नव्हती. ज्यांना अशा अवस्थेत बसावे लागले आहे त्यांना ठाऊक असेल की ती फार काळ सोसत नाही. वैजयंतीबाईंच्या तोंडून शब्द निघाले ते त्यांनी ठरवून काढलेले नव्हते.

“ह्यांनी विचारलं होतं, अक्का.”

“काय विचारलं होतं?”

“आदल्या दिवशी संध्याकाळी. म्हणाले, ऋजूला फोन लाव. बोलायचंय. मी म्हटलं, उद्या शेवटचा पेपर आहे तिचा, तुमचा आवाज ऐकला तर कळेल तिला. उद्या दुपारी लावते. तर म्हणाले, बरं.” त्या थांबल्या. “आणि सकाळी गेले.”

“हे ऋजूला माहीत आहे?”

“कुणालाच माहीत नाही.”

“आणि ती विषय काढते तेव्हा तू काय म्हणतेस?”

“काय म्हणणार? म्हणते, जाऊ दे बाळा, नको त्रास करून घेऊस, बाबांना आवडलं नसतं तू रडलेलं. मग तिच्या आवडीचं काहीतरी करून घालते. रोज सकाळी मेसेज पाठवते, काळजी घे म्हणून. पुण्याला लाडू पाठवते, चिवडा पाठवते.”

“ती खाते लाडू?”

“मैत्रिणींना वाटून टाकते म्हणे.” एवढे बोलून वैजयंतीबाईंनी रुमाल तोंडावर धरला.

अक्कांनी त्यांना थोडा वेळ रडू दिले. मग काचेकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “वैजू, साबण वाईट नसतो. मळ सोडवायलाच असतो तो. पण मळ सोडवून झाला की त्यालाही पाण्याबरोबर निघून जाता आलं पाहिजे. तू साबण वाढवत गेलीस, पाणी तेवढंच राहिलं. मग तो आतच चिकटला आणि त्याच्यावर बुरशी पोसली गेली. तुझ्या चादरींना मळाचा वास नाही, साबणाचा आहे. लाडू चांगले, मेसेज चांगले, माया तर चांगलीच. पण पोरीनं तोंड उघडलं रे उघडलं की तू वर मापभर माया ओततेस आणि आत ओल असताना दार लावून घेतेस. वर कव्हर. ती बिचारी तुझ्या घरात श्वास कसा घेणार?”

“मग मी करू काय?”

“नुसतं पाणी. झालं ते, झालं तसं सांगायचं. त्यात ‘तुझ्या भल्यासाठी’ घालायचं नाही. ‘सगळ्यांनी मिळून ठरवलं’ घालायचं नाही. ‘मला काय कमी यातना झाल्या’ हे तर मुळीच नाही. फेस येईल. आला की बघत बसायचं, आज बसलीस तसं.”

“आणि सगळं ऐकून ती कायमचीच गेली तर?”

“जाईलही कदाचित. मी रसायनशास्त्र शिकवलं, ज्योतिष नाही.”

दुसरी फेरी संपली. अक्कांनी मशीनचे दार सताड उघडे ठेवले, आणि खाली पडलेले ते झालरीचे कव्हर घडी घालून काखेत मारले.

“अहो, ते कुठे नेताय? मी स्वतः शिवलंय ते!”

“म्हणूनच नेते. विकतचं असतं तर तूच फेकून दिलं असतंस. दार उघडं राहू दे. आत हात फिरवून कोरडं लागेपर्यंत लावायचं नाही.” असे म्हणून अक्का जिना उतरून गेल्या.

इथे, शिष्येला तत्काळ बोध झाला आणि तिने गुरूंचे चरण धरले, असे लिहायला मला आवडले असते. पण वैजयंतीबाईंना राग आला होता. कव्हर नेल्याचा तर आलाच, शिवाय आपल्या मायेला कुणी बुरशी म्हणावे याचा आला. चादरी पुन्हा धुतल्या, त्यांना कसलाच वास आला नाही. तेही त्यांना बरे वाटले नाही. त्यांनी हट्टाने लाडू वळले. उघड्या दाराचे ते मशीन तोंड वासून झोपलेल्या माणसासारखे दिसत होते. येता-जाता ते खटकायचे म्हणून त्यांनी त्याच्यावर एक जुनी ओढणी टाकली. थोड्या वेळाने, स्वतःवरच चरफडत, ती काढली.

शनिवारी सकाळी ऋजुता आली. हातात रिकाम्या सुटकेसेस होत्या.

“पोहे टाकू ना? गरम गरम खा आधी,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

“नको, खाऊन आलेय,” म्हणत ती सरळ आपल्या खोलीत गेली आणि कपाट उघडून बसली.

वैजयंतीबाई स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. जिभेवर किती शब्द येऊन बसले होते. किती वाळलीस गं. दोन दिवस जास्त राहा. बंगळूरला पाणी कसं आहे कोण जाणे. लाडूंचा डबा त्यांनी हातात घेतला, खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन ओट्यावर ठेवला. मग रिकाम्या हातांनी त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मुलगी आपल्या मापपट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

“ऋजू, एक सांगायचंय. बाबांनी आदल्या दिवशी तुला फोन लावायला सांगितलं होतं. मी लावला नाही.”

ऋजुताचे हात थांबले. “काय?”

“तुझ्याशी बोलायचं होतं त्यांना. मी म्हटलं, उद्या लावते.”

मग मुलगी उठली आणि जे बोलू लागली ते वर्षभराचे होते. “मी तिथे जिना काढत होते आई! जिन्याचा छेद काढत होते! प्रत्येक पायरीची उंची मोजत होते, आणि बाबा इकडे गेलेले होते! वर पेपर चांगला गेला म्हणून आनंद झाला होता मला. मैत्रिणींबरोबर चहा प्यायले मी! तुम्हा सगळ्यांना माहीत होतं, काकाला, मामाला, खालच्या वॉचमनलासुद्धा. फक्त मला नव्हतं. कोण होते मी, पाहुणी?”

तुझ्या भल्यासाठीच, हे शब्द वैजयंतीबाईंच्या ओठांपर्यंत आले. ते खरेही होते, हीच त्यातली अडचण. त्यांनी ओठ मिटले. काका म्हणाले म्हणून, हेही आले, तेही गिळले. त्या दाराशीच जमिनीवर बसल्या.

“बोल ना आता! सांग, जाऊ दे बाळा म्हणून.”

“नाही,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “काकांनी नाही ठरवलं. मी नको म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं मला. मी ठरवलं.”

हे ऐकून मुलगी शांत झाली असे नाही. ती आणखी भडकली. मला तुझं तोंड बघायचं नाही म्हणाली, कागदांची गुंडाळी भिंतीवर फेकली, रडली, आणि रडताना आईने जवळ येऊ नये म्हणून पाठ फिरवून उभी राहिली. शेजारच्या घरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, खाली कुणी भाजीवाला ओरडून गेला. वैजयंतीबाई उठल्या नाहीत. उठून तिच्या पाठीवरून हात फिरवावा म्हणून त्यांचा हात नुसता शिवशिवत होता, आणि तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. वर्षभरात प्रथमच त्या लेकीसमोर काहीही न करता बसल्या होत्या.

बऱ्याच वेळाने ऋजुताने पाठमोरीच विचारले, “काय म्हणाले होते नक्की? ऋजू म्हणाले की ऋजुता?”

“ऋजुली. ‘आपल्या ऋजुलीला फोन लाव’ म्हणाले.”

मुलीने कपाळ भिंतीला टेकवले.

रविवारी ती गेली. ठरल्याप्रमाणे सुटकेसेस भरून गेली, लाडू न घेता गेली. रिक्षात बसताना “येते” म्हणाली. तसे आपण सगळेच म्हणतो, त्यावर फार भिस्त ठेवू नये. वैजयंतीबाईंनी रोजचा सकाळचा मेसेज बंद केला. तो बंद करणे त्यांना फार जड गेले. तिकडून काही येत नव्हते आणि इकडून काही पाठवायचे नव्हते; ग्रंथालयात त्या पुस्तके चुकीच्या खणात लावू लागल्या. आपण सत्य सांगून मुलगी गमावली, असे त्यांना दिवसातून अनेकदा वाटे, आणि तसे नाही अशी खात्री त्यांना अक्काही देत नव्हत्या.

मग एका कामाच्या दिवशी, भर दुपारी, वाचनकक्ष भरलेला असताना त्यांचा फोन थरथरला. ऋजुता कधी आपणहून फोन करत नसे. वैजयंतीबाई धावतच बाहेर गेल्या.

“आई, बाबांनी शेवटचं काय खाल्लं?”

नमस्कार नाही, कशी आहेस नाही, एवढेच. तिच्या मागे कुठल्याशा मोठ्या रस्त्याचा आवाज येत होता.

“काही नाही,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “पेज मागितली होती त्यांनी. मी करून आणेपर्यंत त्यांना झोप लागली. मी उठवलं नाही.”

वैजयंतीबाईंपाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते. शांत झोपले होते, त्रास नव्हता काही, चेहऱ्यावर समाधान होतं. ते सगळे पूर्ण खरे नव्हते. त्या गप्प राहिल्या.

“मग ती पेज कुणी खाल्ली?”

“कुणी नाही गं. सकाळपर्यंत तशीच होती. मी ओतून दिली.”

मुलगी रडू लागली. मोठ्याने, रस्त्यावर उभी राहून, आईच्या कानात. वैजयंतीबाई फोन कानाला लावून ऐकत राहिल्या. फोन कुणीच ठेवला नाही.

ज्यांच्या दाराशी असा एखादा प्रश्न कधीचा उभा आहे, त्यांनी त्याला आधी घरात घ्यावे; चहा-लाडू मागाहून विचारावेत.